सहा पोत्यांची हळद

आटपाट काही नव्हतं, कृष्णेकाठचं नांदतं सांगली गाव होतं. तिथं एक तीनमजली इमारत होती. वरच्या मजल्यावर रत्नमाला नावाची शिवणाची मास्तरीण राहायची. तिचा नवरा होता, केराबाई नावाची सासू होती, लग्न ठरलेली लेक पूर्वा होती. आणि त्या सगळ्यांच्या माथ्यावर, गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकलेल्या खोलीत दस्तगीर नावाचा म्हातारा होता. इमारतीची राखण करायचा. सगळे त्याला चाचा म्हणायचे.

"हळद पोत्यात येते का हो, चाचा?"

चाचा टाकीच्या गळतीखाली लावलेल्या अळूची पानं निवडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"सांगलीत राहून हळद पिकवायची? खाली बाजारात जा की. ढीग पडलेत."

"विकतची नको."

"का?"

गळ्यातली मापाची टेप रत्नमालेनं एकदा बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

मग म्हणाली, "विकतच्या हळदीला आमच्या सासूचा हात उठत नाही."

गोष्ट अशी होती. केराबाईचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, त्याला तीसेक वर्षं झाली. त्या गावाची रीत होती. पोरीच्या लग्नाची हळद घरच्या बाईनं लावायची, घरच्या बाईनं काढायची, घरच्या जात्यावर दळायची. पहिलं बोट घरातल्या थोर बाईचं. ते लागलं की मग बाकीच्यांनी हवी तेवढी माखावी.

गाव गेलं, रान गेलं. जातं तेवढं ट्रकमधून आलं.

चार वर्षांमागं थोरल्या शीतलचं लग्न झालं. रत्नमालेला हजार कामं. तिनं दुकानातलं पाकीट फोडलं, चांदीच्या वाटीत ओतलं, दुधात कालवलं आणि वाटी सासूच्या पुढ्यात ठेवली.

केराबाईनं वाटीत बघितलं.

"ही कुठली?"

"हळद आहे, आत्ती."

"ते दिसतंय मला. कुठली?"

"आता काय सांगू कुठली? लावा लवकर, पोरगी ताटकळलीय."

केराबाईचे हात मांडीवर होते, ते मांडीवरच राहिले. शेवटी रत्नमालेच्या नवऱ्याच्या मावशीनं पहिलं बोट लावलं. शीतल रडतच बोहल्यावर चढली. तेव्हापासून माहेरी आली तरी स्वयंपाकघरात बसायची, तिथूनच परत जायची. आज्जीच्या खोलीत तिनं पाऊल टाकलं नव्हतं.

आता धाकटीचं फाल्गुनात ठरलं होतं. आणि धाकटी म्हणत होती, "आज्जीचं बोट लागणार असेल तर हळद. नाहीतर नकोच. ताईसारखं मला रडत जायचं नाही."

चाचानं सगळं ऐकलं. अळूची जुडी बांधली.

"सासू काय म्हणते?"

"तिला कशाला विचारायचं? पिकवून पुढ्यात ठेवीन, तेव्हा कळेल तिला."

"कधी लावलीय का हळद?"

"चाचा, बावीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवतेय. ज्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, त्या पोरी आज नऊवारीचे ब्लाऊज शिवतात. एवढासा कंद मातीत खुपसायचा, त्यात काय शिकायचंय?"

"मग मला कशाला विचारतीस?"

"तुम्ही हळदीतले ना? व्यापाऱ्यांकडं होता म्हणे."

"होतो. तीस वर्षं."

"मग सांगा की."

चाचा अळूची जुडी घेऊन उठला.

"उद्या सांगतो."

*

रत्नमालेला वाटलं, फकिरी वळणाचा माणूस आहे. असे लोक विचारून घेतात स्वतःला आतल्या आत, मग बोलतात. तिला ते जरा आवडलंही.

दुसऱ्या दिवशी चाचानं धडाधडा सांगितलं. सिमेंटची रिकामी पोती घे, धुऊन घे. खाली भोकं पाड. तळाला उसाचं पाचट, वर माती आणि कुजलेलं शेणखत. पोतं पाऊणच भर, वरचा भाग दुमडून ठेव. बेणं घेशील ते जाडजूड घे, डोळे फुगलेलं. डोळा आभाळाकडं करून चार बोटं खोल ठेव.

"चार बोटं म्हणजे किती इंच?"

"बोटं."

"कुणाची बोटं? तुमची जाडी आहेत."

चाचा हसला. "उद्या सांगतो."

उद्या म्हणाला, "बाईची बोटं."

अक्षय तृतीयेला सहा पोती भरली. रत्नमालेनं प्रत्येकात टेप धरून बेणं ठेवलं. उन्हाची झळ लागू नये म्हणून जुन्या साड्या शिवून वर मांडव घातला. त्याला सुद्धा तिनं काठ दुमडून टीप मारली. उघड्या कडा तिला बघवत नसत.

महिनाभर काही नाही. मग एका सकाळी हिरवी सुई वर आली. मग दुसरी...

आता बघा, रत्नमालेची मान किती ताठ झाली ते. दर शुक्रवारी गच्चीवर जायची, पान मोजायची आणि भिंतीवर खडूनं रेघ मारायची. श्रावणात नदी फुगली, खालच्या मजल्याचे लोक सामान जिन्यात आणून बसले. तेव्हा त्यांनाही तिनं गच्चीवर नेऊन दाखवलं.

"बत्तीस इंच! हात लावू नका, नुसतं बघा."

हळदीच्या जोडीनं चाचाचं आपलं चालू होतं. कठड्यावर दोडका चढला होता, फुटक्या बादलीत पुदिना माजला होता. चाचा कधी काही मोजायचा नाही. दोडका हाताला लागला की तोडायचा आणि ज्याचं दार उघडं दिसेल त्याच्या उंबऱ्यात ठेवायचा.

"चाचा, तुम्ही माझी पानं बघतच नाही."

"बघतो की."

"मग काही बोलत नाही ते?"

"तुला हळद लावायचीय का पानं?"

"पान जोरात म्हणजे कंद जोरात. बरोबर ना?"

चाचानं डोकं खाजवलं.

"उद्या सांगतो."

उद्या तो म्हणाला, "कंद उघडे पडायला लागलेत. पोत्याची घडी सोड आणि मातीची भर घाल. गौरी येण्याआधी."

"पानांचं विचारलं होतं मी."

"पानांचं काही बोलणं झालं नाही."

कुणाशी बोलणं, हे रत्नमालेनं विचारलं नाही. देवाशी असेल, असं धरून चालली.

*

दिवाळी झाली. थंडीत चाचानं मेथी पेरली, घेवड्याला काठ्या दिल्या. त्याचे टोमॅटो लाल झाले. आणि पौष उजाडला तशी रत्नमालेच्या हळदीची पानं कडेनं पिवळी पडायला लागली.

पहिल्या दिवशी तिनं पिवळी कड कात्रीनं कापून टाकली. नीट गोलाई देऊन.

चौथ्या दिवशी कापायला काही पुरेना. पान मधूनच पिवळं.

तिनं दोन वेळ पाणी सुरू केलं. दुकानातून औषधाची बाटली आणली, फवारली. भिंतीवरच्या रेघांकडं बघवेना, म्हणून ओल्या फडक्यानं पुसून काढल्या. घरात कुणाला बोलली नाही. पूर्वा विचारायची, "आई, वर कशी आहे गं?" तर म्हणायची, "झकास." आणि पाठ फिरवून मशीन चालवायला घ्यायची. दोरा सुईत नसताना सुद्धा.

शेवटी चाचाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चाचा, मरतीय हो ती."

चाचा आला. सहाही पोत्यांपुढं उभा राहिला. एक पान हातात घेतलं, सोडलं.

"उद्या सांगतो."

"उद्या? इथं जीव चाललाय तिचा, आणि उद्या?"

पण तो जिना उतरून गेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती पाण्यानं भरलेली बादली घेऊन उभीच होती. चाचा आला आणि म्हणाला, "पाणी बंद."

"काय?"

"आजपासून थेंब नाही."

"अहो, जाणाऱ्याच्या तोंडात सुद्धा पाणी घालतात! आणि तुम्ही तोंडचं काढून घ्यायला सांगताय?"

चाचानं तिच्या हातातली बादली घेतली. सगळं पाणी मेथीच्या वाफ्यात ओतलं. बादली पालथी घातली.

आणि तिच्यावर बसला.

...

रत्नमाला तिथंच, त्या थंड फरशीवर बसली आणि रडायला लागली. लेकीच्या पाठवणीला रडली नव्हती तशी.

"दोन महिन्यांवर लग्न आलंय, चाचा. पोरीला काय सांगू?"

"सासूला वर आण."

"हे दाखवायला? मेलेलं पीक? चार वर्षांमागं पाकीट दाखवलं, आता हे दाखवू? म्हणेल, मास्तरीणबाईंना सगळं येतं."

"म्हणू दे."

"तिचे गुडघे चढत नाहीत जिना."

"खुर्चीवर आण."

"नाही म्हणजे नाही."

चाचा बादलीवरून हलला नाही.

"मग गप बस. आणि पाणी घालू नकोस."

तिनं पाच पोत्यांना पाणी घातलं नाही. सहावं कोपऱ्यातलं, सगळ्यात उंच वाढलेलं. त्याच्या जवळून जाताना तिच्यानं राहवायचं नाही. दुपारी चाचा डोळा लावायचा तेव्हा ती तांब्या पदराखाली घेऊन यायची आणि हळूच ओतायची. आजाऱ्याला लपून काही खाऊ घालावं तशी.

*

माघ निम्मा सरला. पानं वाळून आडवी झाली. वाऱ्यानं ती वाजायची, तो आवाज खाली रत्नमालेच्या मशीनपर्यंत यायचा.

"आता काढायची," चाचा म्हणाला.

"काय काढायची? त्यात काही आहे का?"

"सासूला आण, मग बघू."

"तिच्याशिवाय नाही का काढता येणार?"

"येईल. पण मी विळा देणार नाही."

म्हातारा हट्टाला पेटला की पोरासारखा. रत्नमालेनं दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी, व्हायचं ते होऊ दे म्हणून, नवऱ्याला आणि पूर्वाला हाक मारली. दोघांनी केराबाईला खुर्चीसकट उचललं.

"अरे पडीन की मी! दिनकर, तुझी बाजू खाली जातीय! लहानपणी दूध पाजलं ते कुठं गेलं सगळं?"

गच्चीवर खुर्ची टेकली. केराबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. उन्हाकडं तोंड करून जरा बसली. मग पोत्यांकडं बघितलं.

रत्नमाला सासूच्या मागं उभी होती. तोंडासमोर उभं राहायचा धीर होईना तिला.

केराबाईनं हात लांब करून एक वाळकं पान ओढलं. तळहातावर चुरलं. नाकाशी नेलं.

...

"काढा," ती म्हणाली.

चाचानं विळ्यानं पोतं उभं फाडलं. माती भसकन खाली बसली. त्यानं दोन्ही हात आत घातले आणि एक गड्डा बाहेर काढून केराबाईच्या ओच्यात ठेवला.

मातीनं माखलेला, मुठीएवढा. त्याला चहूबाजूंनी बोटं फुटलेली. केराबाईनं एक बोट मोडलं.

आत लालबुंद केशरी. गच्चीभर वास सुटला.

"आई!" पूर्वा ओरडली. "आई, बघ तरी!"

रत्नमाला पाण्याच्या टाकीला धरून खाली बसली. महिनाभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेला असं झालं तिला. हसू येत होतं, तेही धड येत नव्हतं.

दुसरं पोतं फाडलं. तिसरं फाडलं. हळद निघतच होती. पाचव्याला चाचा दमला, पूर्वाच्या बापानं विळा घेतला.

"सहावं?" केराबाईनं विचारलं.

सहावं फाडलं. आतून आंबूस वास आला. कंद बोटानं दाबला तर बोट आत गेलं.

केराबाईनं तो गड्डा हातात घेतला.

"ह्याला पाणी कुणी घातलं?"

रत्नमाला जमिनीकडं बघत होती. "मी, आत्ती."

"चाचानं नको म्हटल्यावर?"

"हो. बघवेना मला."

केराबाईनं तो कुजका गड्डा बाजूला ठेवला. हात झटकले.

"मी पहिल्या साली रानातली अख्खी पट्टी कुजवली होती. पीक तयार झालं म्हणून पानं पिवळी पडलेली, आणि मी पाटाचं पाणी सोडत बसले. सासूनं आठ दिवस माझ्या ताटात भाकरी लांबून टाकली."

मग ती हसायला लागली. दात नव्हते तरी तोंड भरून हसली. रत्नमालाही हसली. डोळे पुसत हसली.

हसू ओसरल्यावर रत्नमाला म्हणाली, "आत्ती... आता पुढं काय करायचं?"

पंचवीस वर्षांच्या संसारात असं तिनं विचारलेलं कुणाला आठवत नव्हतं. केराबाईनं सुनेकडं जरा थांबून बघितलं.

"आता शिजवायची."

चाचा एकदम उठला. बाह्या सरसावल्या.

"बाजूला व्हा सगळे. हे मला येतं!"

*

गच्चीवरच तीन विटांची चूल मांडली. चाचानं पातेलं चढवलं, हळदीवर तिचाच वाळका पाला झाकला आणि काडी टोचून टोचून शिजल्याची खात्री केली. कुणाला ढवळू दिलं नाही. मग पंधरा-वीस दिवस ती उन्हात पडली. केराबाई रोज खुर्चीवरून वर जायची, कावळे हाकायला म्हणून. कावळे हळद खात नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही.

माळ्यावरचं जातं खाली आलं. पहिली मूठ केराबाईनं घातली, खुंट्याला सासूचा आणि सुनेचा हात लागला.

हळदीच्या दिवशी पूर्वा पाटावर बसली. रत्नमालेनं वाटी सासूच्या पुढ्यात धरली.

केराबाईनं वाटीत बघितलं. काही विचारलं नाही. बोट बुडवलं आणि नातीच्या दोन्ही गालांना लावलं, कपाळाला लावलं, पायाच्या अंगठ्यांना लावलं.

बायकांनी गाणं उचललं. तेवढ्यात केराबाई म्हणाली, "थोरली कुठाय?"

शीतल स्वयंपाकघराच्या दारात होती.

"इकडं ये."

"माझं लग्न झालंय, आज्जी."

"ठाऊक हाय मला. ये."

शीतल आली. आज्जीसमोर बसली. केराबाईनं वाटीत उरलेली हळद बोटावर घेतली.

"उशीर झाला गं मला," ती म्हणाली, आणि थोरलीच्या गालाला लावली.

शीतल लग्न पार पडल्यावरही आठ दिवस राहिली. आज्जीच्या खोलीत, आज्जीच्या अंथरुणाला अंथरूण लावून झोपली. त्या घरात पुन्हा कुणी स्वयंपाकघरातून परत गेलं नाही.

*

सगळं आटोपल्यावर रत्नमाला एका सकाळी गच्चीवर गेली. ताटलीत लाडू होते, वाटीत हळद होती. चाचा पोत्यांतून निघालेली माती उन्हात पसरत होता. तिनं ताटली ठेवली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावायला गेली.

चाचानं पाय मागं घेतले.

"हे काय?"

"तुम्ही गुरू माझे. हळद शिकवलीत."

"मी?" चाचानं लाडू उचलला. "मला कुठं येते हळद? मी जन्मभर शिजवली. लावली एकदाबी नाही."

रत्नमाला वाकली होती ती तशीच राहिली.

"मग... बेणं किती खोल, भर कधी घालायची, पाणी कधी तोडायचं?"

"संध्याकाळी जिन्याच्या तोंडाला पाट टाकून बसायची की तुझी सासू. वाऱ्याला. जाता येता विचारायचो."

"नऊ महिने?"

"नऊ महिने. सांगून सांगून डोकं उठवलं माझं. त्यांच्या रानातल्या बांधाला किती चिंचा होत्या, ते सुद्धा पाठ झालंय मला."

रत्नमाला हळूच कठड्याला टेकली. खाली जिन्यातून केराबाईचा आवाज येत होता. शीतलला काहीतरी सांगत होती, तिखट, मोठ्यानं.

"मला एक शब्द बोलल्या नाहीत हो..."

चाचानं लाडू खाऊन संपवला. हाताला लागलेला रवा मातीत झटकला.

"तिला विचारणारं कुणीतरी पाहिजे होतं, मास्तरीण. मी रिकामाच होतो."